घुंगूर वाजतोय तोवर

आमच्या भावकीत चालता चालता झोपणारी माणसं पुष्कळ होऊन गेली, पण डोळे टक्क उघडे ठेवून झोपणारा जोतीरामसारखा दुसरा झाला नाही. मी शाळेत झोपलो की मास्तर खडू फेकून मारायचे. जोतीराम झोपला की त्याच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "बघा, कसं लक्ष आहे पोराचं!" लक्ष कसलं? पोरगं केव्हाच माळावर पोचलेलं असायचं.

ही विद्या त्याला बापाकडून आली. सोनबाआबांची मेंढरं होती तेव्हा दिवाळी झाली की ते कळंबहून निघायचे, घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. शाळेच्या सुट्टीत जोतीराम त्यांच्या मागं. दुपारचं ऊन डोक्यावर आलं की आबा काठी खांद्यावर आडवी टाकायचे, दोन्ही हात तिच्यावर लोंबते सोडायचे आणि झोपायचे. पाय चालत राहायचे. डोळे उघडे. मधूनच तोंडातून "हिर्रर्र, हिर्रर्र" असा आवाज. पाहणाऱ्याला वाटावं, माणूस मेंढरं हाकतोय. दहाबारा वर्षांचा होईस्तोवर जोतीरामलाही ते जमायला लागलं. आबांना त्याचं मोठं कौतुक. पोरगं हुशार निघालं म्हणायचे.

पुढं कॅनॉलचं पाणी शेताला मिळालं, ऊस उभा राहिला आणि आबांनी मेंढरं विकून टाकली. मागं ठेवला तो फक्त म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातला पितळी घुंगूर. जोतीरामच्या आईनं, म्हणजे सारजाकाकीनं, तो देवळीतल्या देवांशेजारी खिळ्याला अडकवला.

मेंढरं गेली, पण झोप राहिली. उसाला पाणी देताना जोतीराम बांधावर उभा राहून झोपायचा. पाणी सरी सोडून शेजाऱ्याच्या रानात जायचं आणि हा त्याच्याकडं टक लावून बघत उभा. शेजारी शिव्या द्यायला लागला की गडबडून म्हणायचा, "बगतुयच की मी!"

अशा माणसाच्या मनानं घेतलं, की आपण ट्रक चालवायचा.

*

ते साल चौऱ्याण्णव. बारामतीच्या एमआयडीसीत नवेनवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांचा माल वाहायला गाड्या अपुऱ्या पडत होत्या. मी बारावीपर्यंत शिकून, पुढं शिकायची वेळ आल्यावर शहाणपणानं थांबलो होतो आणि तिथल्याच एका स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला लागलो होतो. दुकानासमोर एका मालवाहतूक कंपनीचं गेट. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांच्या गाड्या अजून रस्त्यावर असतात, आणि मलाही रस्त्यानंच जावं लागतं.

त्या गेटावर एके दिवशी बोर्ड लागला. ट्रक ड्रायव्हरचं ट्रेनिंग, फुकट. राहणं, जेवण, खाकी ड्रेस, बूट, सगळं कंपनीचं. तीन महिन्यांत शिकवणार, मोठ्या गाडीचं लायसन काढून देणार, वर नोकरी. बदल्यात दोन वर्षं दुसरीकडं जायचं नाही. तोवर शाळा सोडल्याचा दाखला कंपनीच्या कपाटात राहणार.

जोतीरामला हे मीच सांगितलं. बोर्ड एवढा मोठा होता की मी सांगितलं नसतं तरी त्यानं वाचला असता. उघड्या डोळ्यांचा माणूस.

त्याच्यापुढं दुसराही रस्ता होता. आमच्या गावचे तात्याबा. त्यांचा स्वतःचा जुना ट्रक होता, उभा जन्म त्यावर गेलेला. आमच्याकडं ट्रक शिकायची रीत ठरलेली होती. आधी उस्तादाच्या डाव्या बाजूला क्लीनर म्हणून बसायचं. काच पुसायची, चाकाला दगड लावायचा, उस्तादाचं बोलणं खायचं. दोनतीन वर्षांनी एखाद्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद खाली उतरणार आणि म्हणणार, "बस हिकडं." तात्याबांना पोरगा नव्हता. जोतीरामला न्यायला ते तयार होते. त्याला एकदा अजमावायला म्हणून बारामतीहून इंदापूरला घेऊनही गेले.

त्या फेरीची हकीकत त्यांनीच मागाहून सोनबाआबांच्या ओसरीवर बसून सांगितली. जोतीराम समोरच होता. मीही होतो, शनिवारचा गावी आलो होतो.

"निमगाव केतकीला गाडी थांबिवली," तात्याबा म्हणाले. "म्हनलं जोत्या, मागचं गाव कुटलं गेलं रं? तर हा म्हनतो, बेलवाडी."

मी हसलो. बेलवाडीनंतर लासुर्णं जातं, जंक्शन जातं, अंथुर्णं जातं. निम्मा तालुका गेला होता.

"हसायला काय झालं?" जोतीराम म्हणाला. "इचारात हुतो."

"इचारात न्हवतास. झोपला हुतास. डोळं उगडं ठिवून." तात्याबांनी तंबाखू मळायची थांबवली. "सोनबा, म्या लई पोरं बगितली. पेंगणारी, घोरणारी. त्यांचं भ्या न्हाय. मान पडली की चापट मारता येती. ह्याची मानच पडत न्हाय. ह्याला झोप लागली हे दुसऱ्याला कळत न्हाय. आन् ह्यालाबी कळत न्हाय."

"मग हो?" सारजाकाकीनं चुलीपासूनच विचारलं.

"मग काय, माज्याजवळ बसूं दे. तीन वर्सं लागू देत न्हायतर चार. डाव्या बाजूला झोपंल तर मी हाय उठवाया. दर गावाला नाव इचारीन. मोडंल ती खोड. पन मोडल्याबिगर चाकावर बसवायचं न्हाय." मग आवाज उतरवून म्हणाले, "कंपनीच्या गाडीत क्लीनर नसतो, सोनबा. तितं डावी बाजू मोकळी असती."

आबांच्या आधी जोतीरामच बोलला.

"तीनचार वर्सं काचा पुसू? तात्या, तुमचं सगळं खरं. पन जयवंताचा बा थांबणाराय का तंवर? त्यो म्हनतो, कंपनीत चिकटला तर पोरगी देतो. क्लीनरला कोन देतंय?"

जयवंता कोऱ्हाळ्याची. त्याच्या मनात बसलेली, आणि तिच्याही मनात हा. कशामुळं ते विचारू नका. एका लग्नात पंगत वाढताना तो तिच्याकडं बराच वेळ एकटक बघत होता म्हणे. तेव्हा तो जागा होता की नाही हे मी तिला कधी विचारलं नाही.

"आई, तू सांग," जोतीराम म्हणाला.

सारजाकाकी राखेचे हात घेऊन बाहेर आली. "मी काय सांगू बाबा. तुजा बा बी तसाच झोपायचा. पन मेंढरू कुनाला चिरडत न्हाय."

एवढं बोलून ती आत गेली. आणि सोमवारी जोतीराम माझ्याबरोबरच पहिल्या एसटीनं बारामतीला निघाला, पिशवीत दाखला घेऊन. एसटीत खिडकीशी बसला. जंक्शन सोडल्यावर मी त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवून बघितला. पापणी हलली नाही.

*

कंपनीच्या शेडमागं मोकळं मैदान होतं. तिथं डांबराची रिकामी पिंपं मांडून पोरांना आठचा आकडा काढायला लावायचे. मी गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या पायरीवर बसून बघायचो. बाकीची पोरं पिंपं लोळवायची. जोतीरामनं एकही पाडलं नाही. हात त्याचा हलका होता, हे खोटं कशाला सांगू. अर्धवट शिकलेला असता तर बरं झालं असतं. नापास होऊन तात्याबांकडं गेला असता.

ट्रेनिंगचे साहेब पुण्याचे होते. गॉगल, कोरलेली मिशी आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'समजलं का'. एकदा पाना घ्यायला दुकानात आले ते खुशीतच.

"तुझा तो गाववाला, जोतीराम. हिरा आहे, समजलं का?"

"काय झालं साहेब?"

"रोज जेवणानंतर मी पोरांना पत्र्याच्या शेडमध्ये बसवतो. पडद्यावर रस्त्याच्या खुणा दाखवतो, दोन तास. मुद्दाम. वर पत्रा तापलेला, पोटात भात. बघायचं असतं कोण टिकतं. सगळी पोरं माना टाकतात. हा एकटा ताठ! डोळा मिटत नाही. मी बारीक नजर ठेवली ना. जांभईसुद्धा नाही. झोप हा ड्रायव्हरचा शत्रू, समजलं का? या पोराला शत्रूच नाही!"

मी म्हटलं, "साहेब, तो झोपलेला असतो."

साहेब इतके हसले की गॉगल काढून डोळे पुसले. "जळतोस होय रे त्याच्यावर?"

"साहेब, खरंच. मधेच एखादी खूण कुठली दाखवली ते विचारून बघा."

"लेखी परीक्षा घेतलीय मी. नव्वद टक्के."

त्या खुणा जोतीरामला मी संध्याकाळी दुकानाच्या मागं बसून पाठ करून घेत असे. हे साहेबांना सांगून उपयोग नव्हता. त्यांनी पाना घेतला आणि जाता जाता बातमी दिली, की या पोराला सोलापूरची लांबची लाईन द्यायची ठरवलीय. दुपारी निघायची गाडी. दुपारी बाकीचे ड्रायव्हर पेंगतात ना.

लायसन आलं, ड्रेस आला, जयवंताही आली. लग्न कोऱ्हाळ्यात दणक्यात झालं. तिचा बाप मांडवात ज्याला त्याला सांगत होता, "जावई कंपनीत हाय." तात्याबा अक्षता टाकून जेवले आणि जोतीरामच्या पाठीवर हात ठेवून एवढंच बोलले, "डावी बाजू मोकळी ठिवू नगंस. कुनीबी बसव. भाडं घिऊ नगंस, पन बसव."

कंपनीचा नियम होता, केबिनमध्ये दुसरा माणूस दिसला तर नोकरी गेली.

*

पहिल्यांदा गाडी ताब्यात मिळाली तेव्हा त्यानं ती वाकडी वाट करून कळंबला आणली. वेशीजवळ उभी केली. सगळं गाव गोळा झालं. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, जयवंतानं हळदकुंकू लावलं. तेवढ्यात सारजाकाकी पदराखालून काहीतरी घेऊन आली. तो घुंगूर होता. चिंच लावून घासलेला, सोन्यासारखा.

"घरचं कायतरी असावं गाडीत," ती म्हणाली. "म्होरक्याच्या गळ्यातला हाय. कोकणात जाऊन सुखरूप यायचा. ह्योबी यील."

जोतीरामनं तो आरशाच्या दांडीला बांधला आणि एकदा बोटानं हलवला. मेंढरं विकून किती वर्षं झाली होती, तरी तो आवाज ऐकून म्हातारी माणसं हळवी झाली. एकटे सोनबाआबा दचकले. मी त्यांच्या शेजारीच होतो म्हणून दिसलं. ते पुढं होऊन काही बोलणार होते, पण व्याही, पाहुणे, टाळ्या. जोतीरामनं हॉर्न दिला, गाडी हलली, घुंगूर वाजायला लागला आणि वाजत वाजत रस्त्याला लागला.

त्यानंतर जोतीराम आठवड्यातून एकदोनदा माझ्या दुकानावर यायचा. चांगला भरला होता. थकवा कसला तो चेहऱ्यावर नव्हताच, आणि मला तीच गोष्ट खटकायची. बाकीचे ड्रायव्हर सोलापूरहून आले की डोळे लाल. हा आपला सकाळी उठून आंघोळ केल्यासारखा.

"रस्ता कसा हाय रं टेंभुर्णीपुढं?" मी मुद्दाम विचारायचो.

"कुनाला ठावं! गेलं कदी, आलं कदी, कळतच न्हाय बग. गाडी आपली आपन चालती." हे तो फुशारकीनं सांगायचा.

एकदा त्याच्या गाडीच्या पुढच्या बंपरात उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा पाला, अडकलेलं दिसलं. हिरवं, ताजं. मी विचारलं, हे कुठून आलं? त्यानं ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "खरंच की. कुटनं आलं?"

आम्ही दोघंही त्या वाढ्याकडं बघत उभे राहिलो. मग तो हसला. मला हसता आलं नाही.

त्याच आठवड्यात सोनबाआबा दुकानावर आले. मुद्दाम एसटीनं, एकटे. पाणीसुद्धा न घेता पायरीवर बसले.

"तुला एक सांगतो. हसू नगंस," ते म्हणाले. "मेंढरामागं आमी झोपायचो ते कशाच्या जिवावर, ठावं हाय?"

"सवयीच्या."

"सवय न्हवं. घुंगराच्या. म्होरक्या चालतोय तंवर घुंगूर वाजतोय. वाजतोय तंवर सगळं ठीक हाय. मग मन निवांत. झोप आपसूक. घुंगूर थांबला म्हंजी म्होरक्या थांबला. लांडगा असंल, वढा असंल, गाडी असंल. थांबला रं थांबला की आमी जागं. हाक मारून उठत न्हवतो आमी, पन त्यो थांबला की उठायचो. ह्यालाबी मी तसंच शिकिवलं."

मला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा हातातला नटबोल्टचा डबा मी खाली ठेवला.

"आबा, गाडीत तर तो सारखाच वाजणार."

"तेच म्हनतोय मी. गाडी चालतीय तंवर वाजणार. समोर काय बी येऊं दे, वाजणार. थांबवाया म्होरक्या कुटं हाय तितं?"

"मग काढायला सांगा ना त्याला."

"सांगितलं. म्हनतो, आबा, राहू द्या, त्यो वाजला की बरं वाटतंय." आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्येच्या आईला अजून सांगितलं न्हाय. तिनं बांदलाय. एक डाव तू जा त्याच्यासंगं. तू शिकलेला हायस, तुजं ऐकंल."

माझं कुणी कधी ऐकलंय? पण गेलो.

*

गेटापुढच्या वळणावर, साहेबांची नजर चुकवून मी केबिनमध्ये चढलो. उसाचे दिवस होते. जोतीरामनं ढाब्यावर भाकरी-पिठलं ओढलेलं, दुपारचं ऊन काचेवर, आणि आरशाखाली घुंगूर. मला बघून तो इतका खूष झाला की मला वाटलं, उगाच आलो. लग्नातल्या गमती निघाल्या. सासऱ्याची नक्कल झाली. जयवंताला दिवस गेलेत हेही त्यानं तेव्हाच सांगितलं, लाजत, स्टेअरिंगवर बोटं वाजवत.

तात्याबांसारखं मीही विचारत होतो. "हे कुठलं गाव?"

"काटेवाडी. का रं?"

"सहज. हे?"

"भवानीनगर. साखर कारखान्याची मळी नाकात चाललीय की. तुला वास येत न्हाय व्हय?"

सणसर बरोबर सांगितलं. बेलवाडी बरोबर. लासुर्ण्याला थोडा वेळ घेतला. मी बोलायचा थांबलो की घुंगराचा आवाज मोठा व्हायचा. छिन्न, छिन्न, छिन्न. एका लयीत. मलाच गुंगी यायला लागली.

जंक्शन गेलं.

"हे कुठलं?"

जोतीरामनं उत्तर दिलं नाही. मी वळून बघितलं. ताठ बसलेला. डोळे रस्त्यावर. हात स्टेअरिंगवर हलके, पण दोन्ही मनगटं वरून लोंबत ठेवल्यासारखी, खांद्यावरच्या काठीवर ठेवतात तशी. पुढं एक ट्रॅक्टर चालला होता, मागं उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या. शेवटच्या ट्रॉलीत ऊसतोडीच्या बाया होत्या, लहान पोरं मांडीवर. जोतीरामनं वेग कमी केला, छान कमी केला, आणि त्या ट्रॉलीमागं चालायला लागला. अंतर आणखी कमी झालं. आणखी. कळपाच्या शेपटाला लागून चालतात, इतकं.

आणि त्याच्या तोंडातून आवाज आला. "हिर्रर्र."

"जोत्या!" मी ओरडलो.

"हिर्रर्र. हिर्रर्र."

मी त्याच्या दंडाला धरून हलवलं. स्टेअरिंग हललं, गाडी रस्त्याच्या कडेला गेली आणि त्यानं झोपेतच ती अलगद परत आणली. तेव्हा मला कळलं, की याला हलवलं तर आपण जाणार. एका बाजूला कॅनॉल भरून चालला होता.

ट्रॉलीतली एक बाई आमच्याकडं बघत होती. आधी ती हसली. ड्रायव्हर थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं. मग तिनं हातानं मागं सरकायची खूण केली. मग हसायची थांबली. मांडीवरचं पोर तिनं उचलून छातीशी धरलं आणि उठून उभी राहिली. तिच्या कपाळावरचं गोंदण मला दिसत होतं. आणि तिच्यापुढं, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर कॅनॉलकडच्या वाटेला वळण्यासाठी हात बाहेर काढून ट्रॅक्टर थांबवत होता.

घुंगूर वाजतच होता. छिन्न, छिन्न.

मी दोन्ही हातांनी तो घुंगूर मुठीत धरला.

आवाज थांबला. जोतीरामचा पाय असा ब्रेकवर गेला की माझं डोकं काचेवर आपटलं. मागचा माल पुढं आला, केबिन हादरली आणि गाडी उभी राहिली. ट्रॉलीच्या फळीत आणि आमच्या बंपरात बादली मावली नसती.

जोतीरामनं रस्त्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. डोळे तेच, पण आता त्यांच्यात माणूस होता.

"का थांबली?" त्यानं विचारलं. "मेंढरं का थांबली?"

मी मूठ सोडली नाही. त्याला बोटानं फक्त पुढं दाखवलं. ती बाई अजून उभी होती. पोर रडत होतं. मग ट्रॅक्टर निघाला, ट्रॉली वळली आणि ती बाई आमच्याकडं बघत बघतच उसाआड गेली. शिवीसुद्धा दिली नाही तिनं. दिली असती तर बरं वाटलं असतं.

जोतीराम खाली उतरला, कडेच्या बाभळीखाली उकिडवा बसला आणि ओकला. मी आबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ते उसाचं वाढं आम्हा दोघांनाही आठवलं असणार. त्याचं नाव कुणी काढलं नाही.

"आजवर कुनी मेलं असंल का रं माज्या हातनं?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "नसेल."

घुंगूर सोडून त्यानं खिशात घातला. गाडी त्यानंच नेली, सोलापूरला माल उतरवला आणि माघारी आणली. सगळा रस्ता मी त्याला गावांची नावं विचारत राहिलो. त्यानं एकही चुकवलं नाही, पण आवाज लहान पोरासारखा झाला होता.

*

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर तो उभा राहिला तेव्हा मी दारातच होतो.

"साहेब, मला चाकावरनं काडा. मी गाडी चालवताना झोपतो."

"सगळेच झोपतात थोडंफार," साहेब म्हणाले. "तू निदान डोळे उघडे ठेवतोस."

"चेष्टा न्हाय साहेब. काल मानसं मेली असती."

"मेली का?"

"न्हाय."

"मग? गाडीला खरचटलं? माल उशिरा पोचला? जोतीराम, तुझी गाडी आजवर एकदाही उशिरा पोचली नाही, समजलं का? लग्न नवं आहे, घरी राहावंसं वाटतं, मला कळतं. दोन दिवस सुट्टी घे."

"मला तात्याबांकडं क्लीनर म्हनून जायचंय."

साहेबांनी गॉगल काढला. आता ते हसत नव्हते. "दोन वर्षं झाली नाहीत. दाखला मिळणार नाही. आणि पुन्हा या गेटात यायचं नाही."

"ठिवा दाखला," जोतीराम म्हणाला, आणि अंगातला खाकी शर्ट तिथंच काढून टेबलावर ठेवला. बनियनवर माझ्या दुकानात आला. मी त्याला माझा शर्ट दिला. तो त्याला आखूड झाला.

सासऱ्यानं कोऱ्हाळ्याहून निरोप पाठवला, की पोरगी माघारी घेऊन जातो. जयवंतानं उलट निरोप पाठवला, "मला कंपनीचा नवरा नगं. जित्ता पायजे." बाप पुन्हा बोलला नाही. सारजाकाकीला शेवटी सगळं कळलंच. घुंगूर तिनं हातात घेऊन बघितला, पदरात गुंडाळला आणि पेटीच्या तळाशी टाकला. देवांपाशी परत अडकवला नाही.

जोतीराम तात्याबांच्या डाव्या बाजूला बसतो. मोठ्या गाडीचं लायसन खिशात आणि हातात काच पुसायचं फडकं, असा क्लीनर पुण्यापासून सोलापूरपर्यंत दुसरा नसेल. तात्याबा दर गावाला नाव विचारतात. मधूनच तो चुकतो. चुकला की तात्याबा गाडी कडेला घेतात, त्याला खाली उतरवून गाडीभोवती एक चक्कर मारायला लावतात आणि काहीही न बोलता पुढं निघतात.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण तीन महिन्यांपूर्वी साहेब दुकानात आले. फॅनबेल्ट घेतला आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "तुझा गाववाला मूर्ख निघाला. पण एक गोष्ट शिकवून गेला. ही मेंढरामागची पोरं दुपारची झोपत नाहीत, समजलं का? त्या शेडमध्ये बसवून बघितली मी. तुमच्याकडची तीन आलीत नवीन. एकाचीही मान पडत नाही. आता आम्ही तशीच पोरं बघून घेतोय."

मी तोंड उघडलं. पण हे सगळं मी त्यांना आधी एकदा सांगितलं होतं, जोतीरामनं समोर उभं राहून सांगितलं होतं. तरी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले.

ती पोरं मी ओळखतो. तिघांचेही बाप सोनबाआबांबरोबर घाट उतरायचे. गाड्या ताब्यात मिळाल्या तसं मी गेटापाशी उभा राहून एकेकाला गाठलं आणि म्हटलं, गाडीत घुंगूर बांधू नका. दोघांनी ऐकून घेतलं आणि हसून सोडून दिलं. तिसरा, सगळ्यांत लहान, माझ्यावर रागावला.

"आयनं बांदलाय," तो म्हणाला. "कसा काडू?"

आज दुपारी त्यांच्या गाड्या पहिल्यांदा लाईनवर निघाल्या. दुपारीच. मी दुकानाच्या पायरीवर होतो. इंजिनांचा एवढा आवाज, गेटावर हॉर्न, वॉचमनची शिट्टी, आणि त्या सगळ्यातून मला ते ऐकू आलं. एक, मग दुसरा, मग तिसरा. गाड्या इंदापूरच्या रस्त्याला लागल्या.

ऊस तोडायचे दिवस आहेत. रस्त्यावर रिकाम्या ट्रॉल्या चालल्यात.